दाण्यांचं सिम्युलेशन आणि क्लस्टरचा तो अर्ज

काचेचे २ मिलिमीटरचे मणी नरसाळ्याच्या तोंडाशी कमान करून अडकतात, तेव्हा बाहेरून दिलेला धक्का त्या कमानीतून कसा पुढे जातो, हा माझा विषय. एकेका मण्याची हालचाल मोजणारा माझा सिम्युलेशनचा कोड विनातक्रार चालला. मोकळ्या ओघाचा दर, तोंडाच्या मापावरून तो सांगणाऱ्या बेव्हरलूच्या १९६१च्या सूत्राशी जुळला. घोडं अडलं ते मोठ्या क्लस्टरवर, म्हणजे एकत्र जोडलेल्या अनेक संगणकांवर, वेळ मागण्याच्या अर्जापाशी, आणि तो राग अजून गेलेला नाही.

अर्जासोबत स्केलिंगचा आलेख हवा होता. कोअर, म्हणजे प्रोसेसरमधले गणित करणारे भाग, दुप्पट केले तर काम किती वेगानं उरकतं, ते दाखवायचं. मागणी रास्तच. पण कोअर मिळाल्याशिवाय आलेख निघत नाही आणि आलेखाशिवाय कोअर मिळत नाहीत! विचारावं तर उत्तर एकच, ‘नमुन्याप्रमाणे भरा.’ नमुना द्रवगतिकीचा होता. तिथे जागेचे लहान तुकडे पाडणारी ठरलेली जाळी सगळ्या कोअरवर सारखी वाटता येते. दाण्यांचं तसं नाही. नरसाळं रिकामं होऊ लागलं की वरच्या भागाचं गणित सांभाळणारे कोअर नुसते बसून राहतात आणि सगळा भार खालच्यांवर येतो. छोट्या यंत्रावर काढलेला माझा आलेख तिथेच वाकला, आणि ‘कार्यक्षमता अपुरी’ एवढ्या दोन शब्दांत अर्ज परत आला. सेंद्रिय चुंबकीय संवेदकांच्या रेणूंवर काम करणाऱ्या मैत्रिणीचं सॉफ्टवेअर अर्जातल्या यादीत होतं, तिचा अर्ज लगेच मंजूर झाला. माझ्या वाट्याला ‘इतर’ हा पर्याय आणि खुलाशाला दोन ओळी.

वर सल्ला मिळाला, टाइमस्टेप (सिम्युलेशनच्या एका पायरीचा काळ) वाढवा. खऱ्या काचेचा कडकपणा धरला तर या मण्यांसाठी रॅले-काळ, म्हणजे तरंगाला मण्याच्या पृष्ठभागावरून पलीकडे जायला लागणारा वेळ, साधारण १ मायक्रोसेकंद येतो. त्याचा पाचवा भाग टाइमस्टेप घेतला, तर एका सेकंदाच्या हालचालीला ५० लाख पायऱ्या लागतात. कडकपणा शंभरपट कमी केला की टाइमस्टेप दहापट वाढतो, हे खरं. ओघाचा दर मोजणाऱ्यांना ते चालून जातं. मला तरंगाचा वेग मोजायचा आहे, आणि तो कडकपणावरच ठरतो. हे दोन ओळींत कसं मावणार?

शेवटी एका तंत्रज्ञांनी चाचणी-खातं उघडून दिलं. अशी खाती असतात, पण अर्जावर त्यांचा उल्लेख नसतो, म्हणून असं खातं आधीच मागून घ्या. मग नरसाळं भरलेलं असतानाचा आणि रिकामं होतानाचा, असे दोन वेगळे आलेख काढले. दुसऱ्यात कोअरांमधली भारवाटणी चालू धावेत बदलत ठेवली. वाक बराच सरळ झाला, अर्ज मंजूर झाला. त्या दोन आलेखांचा मला आजही अभिमान वाटतो.

जॉबला, म्हणजे क्लस्टरवर एका वेळी सोपवलेल्या कामाला, वेळेची मर्यादा असते, म्हणून धाव तुकड्यांत करावी लागते. त्यासाठी सिम्युलेशनची सगळी स्थिती साठवणारी पूर्ण रीस्टार्ट फाइलच जपा. नुसती स्थानं आणि वेग साठवले, तर प्रत्येक स्पर्शबिंदूवर साचलेलं घर्षणाचं बल पुसलं जातं, आणि पुढचा तुकडा सुरू होताच स्थिर कमान घसरू लागते.

आणि कोअर-तासांचा (किती कोअर किती तास वापरले याचा) हिशेब मांडताना मणी ओतून ते शांत होईपर्यंतचा वेळ धरायला विसरू नका. धक्का देण्याआधीच मंजूर वेळेतला मोठा वाटा तिथे जातो.