दुबईची वाळू आणि उलटी ब्रेड

इथे येऊन चौथं वर्ष, तरी गावी गेलं की पहिला प्रश्न तोच, "खांबावर चढतोस का रे?" अहो काका, दुबई शहरात ११ केव्ही (११ हजार व्होल्ट) जवळपास सगळं वाळूखाली आहे, खांब कुठला, मी फक्त केबल टेस्ट करून चार्ज करून देतो.

गेल्या उन्हाळ्यात एका फीडरने (सबस्टेशनमधून निघणारी केबल लाइन) मात्र घाम काढला. चार्ज केला की तास-दीड तासात अर्थ फॉल्टवर, म्हणजे करंट जमिनीत गळतोय असं समजून, ट्रिप. मेगर (इन्सुलेशनची टेस्ट) ओके, व्हीएलएफ (केबलची हाय व्होल्टेज टेस्ट) ओके, रिले (फॉल्ट ओळखून लाइन ट्रिप करणारं यंत्र) बदलला तरी तेच, आणि क्लायंटचे फोन चालूच. १५ जून ते १५ सप्टेंबर इथे दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावर काम कायद्यानेच बंद, म्हणून एकदा तेवढा वेळ पॅनल रूमच्या एसीत बसलो आणि सहज केबल बॉक्स उघडून आत टॉर्च मारला.

आता बघा, केबलच्या इन्सुलेशनवर काळा सेमीकॉन (अर्धवट वीजवाहक थर) आणि त्यावर तांब्याची पट्टी असते, तिला स्क्रीन म्हणायचं. आत तारेला अर्थपासून, म्हणजे जमिनीपासून, ६.३५ केव्ही, आणि स्क्रीन अर्थ केलेली म्हणून बाहेर शून्य. ती अर्थ नसेल तर हात लावायची सोय नाही. पण दोन्ही टोकांना अर्थ केली की दोन सबस्टेशनमधला भटका करंट तिच्यातून फिरायला लागतो, तो काही फॉल्ट नसतो. आमच्याकडे स्क्रीन सीटीच्या रिंगमधून (आतून जाणारा एकूण करंट मोजून रिलेला सांगणारी) वर टर्मिनेशनपर्यंत, म्हणजे केबलच्या टोकापर्यंत, गेलेली, म्हणजे तिची अर्थची ब्रेड (braid, तांब्याची विणलेली पट्टी) परत त्याच रिंगमधून खाली यायला हवी, वर गेलेला करंट खाली आला की हिशोब फिटला. इथे कुणीतरी ती वरूनच बाजूच्या अर्थ बारला ठोकून दिलेली! रिलेला वाटणार फॉल्ट, दुसरं काय. आणि याहून वाईट म्हणजे खरा फॉल्ट झाला असता तर स्क्रीनमधून परत येणाऱ्या करंटने रिंगमधला फॉल्टचा करंटच खोडला असता आणि रिले ढिम्म.

संध्याकाळी आमच्या केरळच्या जॉइंटरने (केबल जोडणारा कारागीर) ब्रेडला लांब तार क्रिंप केली, वर हिरवी-पिवळी स्लीव्ह घातली (उघडी तार मध्येच कुठे टेकली तर परत तोच घोळ), रिंगमधून खाली ओढली, अर्ध्या तासाचं काम. त्यासाठी आम्ही तीन दिवस रिलेला शिव्या घातल्या.

रात्री आईला फोनवर म्हटलं, ब्रेड उलटी लावलेली होती गं. तर ती म्हणे, "पावच खातोस का अजून, भाकरी कर की जरा."