अण्णांचा चेहरा जुळेना

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. सांगलीत पोर्ट्रेटं करून वीसेक वर्षं झाली. शिकाऊ पोरगं असो की रिटायर झालेले हौशी मास्तर, प्रश्न एकच: फोटो समोर ठेवून काढलं, नाक-डोळे बरोबर आहेत, तरी चेहरा का जुळत नाही?

पहिला संशय फोटोवर घ्या. मोबाइल दीड फुटावर धरला, की नाकाचं टोक कॅमेऱ्यापासून १८ इंचांवर आणि कान २३ इंचांवर. नाक कानांच्या मानानं पाव पटीहून जास्त फुगतं. तेच ६ फुटांवरून काढलं, तर फरक सात टक्क्यांवर येतो. दीड फुटावरून माणसाला बघतं कोण? बायको, तीही भांडताना. म्हणून मी लांबून काढलेला, खिडकीच्या उजेडातला फोटो मागतो. फ्लॅशनं सावल्या उडतात, आणि सावली गेली की हाडं गेली.

गेलेल्या माणसाचा मात्र मिळेल तो फोटो. हरिपूरच्या एका घरातून वडिलांचा सत्काराच्या वेळचा पोस्टकार्ड साइज फोटो आला. चौकटी आखून मोठा केला, फेट्याच्या झिरमिळ्यांसकट रंगवला. थोरल्या मुलीनं बघितलं आणि म्हणाली, ‘छान झालंय. पण हे आमचे अण्णा नव्हेत.’

दोन दिवस मी बुबुळांतली चमक घासत बसलो. फुकट. शेवटी कॅनव्हास आणि फोटो, दोन्ही उलटे टांगले. उलटं केलं की नाक नाक राहत नाही, नुसते उजेडाचे आणि अंधाराचे तुकडे उरतात. डोळे किलकिले करून तेच तुकडे ताडत गेलो. फोटोत उजव्या भुवईखालची सावली डावीपेक्षा रुंद होती, पापणी जराशी उतरलेली. मी दोन्ही डोळे सारखे करून टाकले होते! हाताला ती खोडच असते. वर नाक आणि ओठ यांच्यात तांदळाच्या दाण्याएवढं अंतर जास्त. टर्पेंटाइनचं फडकं घेऊन मधला सगळा भाग पुसला. पुसताना जीव जातो, पण चुकीच्या जागी बसलेला सुंदर डोळा ठेवून काय करणार?

सातारा जिल्ह्यातल्या औंधला कधी गेलात, तर तिथल्या राजांनी, पंतप्रतिनिधींनी, १९३८ साली उभारलेल्या संग्रहालयात जा. ते स्वतः चित्रकार. तिथं रविवर्मा, धुरंधर समोर बघायला मिळतात. एखाद्या तैलचित्राला आधी नाक लावून बघा, मग दहा पावलं मागं सरका. मी सांगण्यापेक्षा ते बरं.

मुलगी आठवड्यानं परत आली. दारातूनच चित्राकडं नजर गेली आणि तिनं खांद्यावरचा पदर डोक्यावर घेतला. मग आत येऊन पाचशे रुपये कमी करायला लावले.