शनवार तेली आणि वंशाचा दाखला

कोकणातल्या बेने इस्रायल या यहुदी समाजाच्या लोकांना शेजारी ‘शनवार तेली’ म्हणत. शनिवारी घाणा बंद ठेवणारे तेली. मला हे नाव फार शहाणे वाटते, कारण त्यात माणूस कोणाच्या पोटी जन्मला याची चौकशी नाही, तो कोणत्या दिवशी काम करत नाही एवढीच नोंद आहे. नॉर्वेजियन मानवशास्त्रज्ञ फ्रेडरिक बार्थ यांनी १९६९ मध्ये मांडले की समूहाची ओळख त्याच्या चालीरीतींच्या साठ्यात नसते, तर इतरांशी राखलेल्या सीमेत असते. अलिबाग-पेणच्या गावांत भाषा मराठी होती, आडनावे रोहेकर, पेणकर, दिवेकर अशी होती, आणि सीमा होती ती शनिवारची, सुंतेची, एलियाहू हनाबी या प्रेषिताच्या नावाने केलेल्या मलिद्याची.

अर्थात या चित्राला गोंडस करू नये. याच समाजात ‘गोरे’ आणि ‘काळे’ असा भेद होता. मिश्र विवाहांतून जन्मलेले म्हणून काळ्यांशी गोरे सोयरीक करत नसत. वंशशुद्धीची चौकशी त्यांना सर्वस्वी परकी नव्हती.

१९४८ मध्ये इस्रायल स्थापन झाले आणि १९५० च्या परतीच्या कायद्याने यहुद्यांना तेथे स्थायिक होण्याचा हक्क दिला. सरकारच्या लेखी हे लोक यहुदीच होते. परंतु त्या देशात यहुद्यांचे विवाह रब्बींच्या, म्हणजे धर्मगुरूंच्या, हाती असतात, आणि पूर्वजांनी घटस्फोटाचे धर्मनियम पाळले होते की नाही या शंकेपोटी मुख्य रब्बी यित्झाक निसीम यांच्या १९६२ च्या निर्देशांनी बेने इस्रायल वधूवरांच्या वंशाची मागील पिढ्यांपर्यंत तपासणी सांगितली. ज्यांच्या पूर्वजांची नोंद नवगावच्या किनाऱ्यावर फुटलेल्या जहाजाच्या आख्यायिकेत आहे, त्यांनी कोणता कागद दाखवायचा? समाजाने जेरुसलेममध्ये धरणे धरले, आणि ऑगस्ट १९६४ मध्ये क्नेसेटने, म्हणजे तेथील संसदेने, त्यांना सर्व बाबतींत यहुदी ठरवणारा ठराव केला. राष्ट्राच्या संसदेला एखाद्याच्या धर्माबद्दल ठराव करावा लागावा, हे मला त्या निर्देशांहूनही विलक्षण वाटते.

गावाला जी ओळख वागण्यातून कळत होती, ती राष्ट्राने दाखल्यावर नेली. तरी सीमा पुसली गेली नाही, ती फक्त सरकली: पोहे, ओले खोबरे, साखर आणि फळे घातलेला मलिदा कोकणात त्यांना हिंदू शेजाऱ्यांपासून वेगळे ठरवत होता, तोच आता इस्रायलमध्ये त्यांना इतर यहुद्यांपासून वेगळे ठरवतो, आणि तेथे त्यांना ‘होदी’, म्हणजे भारतीय, म्हणतात.