भुवईवरचा व्रण: माझ्या हेडशॉटचा अनुभव

राज्य नाट्य स्पर्धेत जळगाव केंद्रावर दोनदा उभा राहिलो, तेव्हा ठरवलं की आता अभिनयाच्या कामासाठी मुंबईला हेडशॉट पाठवायचे, म्हणजे कलाकार निवडणारे आधी बघतात ते चेहऱ्याचे फोटो. अमळनेरला फोटो म्हणजे लग्नाचं काम करणारा स्टुडिओ. निळा पडदा, दोन छत्र्या, "हनुवटी वर घ्या". चार दिवसांनी फोटो हातात आले. गाल गुळगुळीत, रंग उजळलेला, डाव्या भुवईवरचा लहानपणीचा व्रण पार पुसलेला. माय बघून म्हणाली, "हाऊ कोन शे?"

तेच फोटो मी सगळीकडे पाठवले. कुठूनच उत्तर आलं नाही. मग मुंबईच्या एका एजन्सीचा फोन आला: पोर्टफोलिओ आमच्याकडेच करा, काम नक्की. आठ हजार आगाऊ भरले आणि दुसऱ्या आठवड्यापासून फोन लागेना. कापूस विकून आलेले पैसे होते ते, आबांना सांगताना फार जड गेलं. नव्या पोरांना म्हणूनच कळकळीने सांगतो, काम मिळवून देण्यासाठी जो आधी तुमच्याकडून पैसे मागतो, त्याच्यापासून लांब राहा.

आमच्या नाट्यसंस्थेतला एक दादा वर्सोव्याला आरामनगरात ऑडिशनच्या चकरा मारतो. त्याने फोटो पाहिले आणि म्हणाला, "फोटो बघून ते ज्याला बोलावतील, तोच दारातून आत आला पाहिजे."

मग मावसभावाचा कॅमेरा आणला, ५० मिमीची लेन्स. मोबाइल तोंडाजवळ धरला की नाक मोठं आणि कान मागे गेल्यासारखे दिसतात. ही लेन्स लावून भाऊ पाच-सहा फुटांवर उभा राहिला, तर चेहरा जसा आहे तसा आला. जागा आमच्या ओसरीची उत्तरेकडची खिडकी. एप्रिलचं ऊन बाहेर तापत होतं, पण त्या खिडकीतून थेट ऊन येत नाही, मऊ उजेड येतो. मी खिडकीकडे तोंड थोडं वळवून बसलो. दुसऱ्या गालावर सावली गडद पडत होती, म्हणून बहिणीने त्या बाजूला थर्माकोलची पांढरी शीट धरली. ती जरा जवळ आणली की गाल उजळायचा, लांब नेली की पुन्हा काळवंडायचा. दोन्ही डोळ्यांत खिडकीचा छोटा पांढरा चौकोन दिसेपर्यंत भावाने बटण दाबलं नाही. कॅमेरा डोळ्यांच्या रेषेत, फोकस जवळच्या डोळ्यावर. अंगात साधा गडद निळा शर्ट, नक्षी नाही.

पहिले साठ-सत्तर फोटो वाया गेले, कारण मी 'फोटोसाठी' बघत होतो. मग दादाने सांगितलं, लेन्सच्या जागी एक माणूस बसव आणि मनातल्या मनात त्याच्याशी बोल. मी आबांना बसवलं, जिनिंगच्या दारात कापसाला भाव मिळायची वाट बघत उभे असलेले. त्यानंतरचे फोटो वेगळेच आले.

निवड मी केली नाही, आमच्या नाटकाच्या दिग्दर्शकांनी केली: एक गंभीर, एक हसरा. सोबत दोन्ही बाजूंचे आणि पूर्ण उंचीचा एकेक, तेही मागतात. उजेड थोडा वाढवला, बाकी कशालाही हात लावला नाही.

जूनमध्ये ऑडिशनचं बोलावणं आलं. रांगेत तीस-चाळीस पोरं होती. दारातल्या मुलीने मोबाइलवर पाहिलं, मग माझ्या भुवईकडे पाहिलं आणि नाव न विचारता मला आत घेतलं.