कानाशी सुरू झालेली शिट्टी

टेकऑफ नेहमीसारखाच झाला. विमान मी उडवत होते, रेडिओ कॅप्टनकडे. चाकं आत गेली आणि माझ्या उजव्या कानाशी शिट्टी सुरू झाली. खिडकीच्या कडेचं रबरी सील कुठंतरी सुटलं होतं. विमान वर चढतं तसा आतल्या आणि बाहेरच्या हवेच्या दाबातला फरक वाढतो, आणि हवा फटीतून आणखी जोरानं निसटते. बघता बघता शिट्टीचा कर्कश गोंगाट झाला.

केबिनचा दाब पाहिला, व्यवस्थित होता. पण हाताच्या अंतरावर बसलेले कॅप्टन काय सांगताहेत ते मला कळेना. माइक उघडा ठेवला की तोच गोंगाट हेडसेटमध्ये घुसायचा. शेवटी ते माझ्याकडे वाकले आणि ओरडून म्हणाले, "तू फक्त विमान उडव, बाकी सगळं मी बघतो." जमिनीवरून विमानांना सूचना देणाऱ्या कंट्रोलरनं दिलेली उंची त्यांनी पुन्हा विचारून घेतली, आकडा लावला, त्यावर बोट ठेवलं आणि मी अंगठा दाखवल्यावरच बोट काढलं. ती उंची जवळ आली की एक टोन वाजतो. तो वाजला असणारच. मला दिसला तो फक्त उजळलेला आकडा.

हा टोन ऐकूच आला नाही, म्हणून माझ्या पोटात गोळा आला. २९ डिसेंबर १९७२ च्या रात्री ईस्टर्न एअरलाइन्सचं फ्लाइट ४०१ हे विमान फ्लोरिडाच्या एव्हरग्लेड्स दलदलीत कोसळलं, १०१ माणसं गेली. पुढचं चाक खाली येऊन पक्कं बसल्याचं दाखवणारा दिवा का लागत नाही यातच सगळे गुंतले होते. विमान हळूहळू खाली येत होतं, उंची सुटल्याची सूचना वाजलीही, पण कुणाचंच तिकडे लक्ष गेलं नाही. तिथं तर असा गोंगाटही नव्हता.

मधेच केबिनमधल्या क्रूचा फोन आला. दहा हजार फुटांखाली उड्डाणाच्या कामाव्यतिरिक्त बोलायचं नाही, हा नियम अमेरिकेत १९८१ पासून आहे आणि आता इतरत्रही पाळला जातो. पण आवाज त्यांनाही ऐकू येत होता, त्यांनी विचारणं योग्यच होतं. कॅप्टननी एका वाक्यात उत्तर दिलं.

मग वेग कमी केला, थोडं खाली आलो. आवाज उतरला आणि पहिल्यांदा नीट बोलता आलं. सील गळत असूनही दाब टिकत होता, पुढे जाता आलं असतं. कॅप्टननी एकच प्रश्न विचारला: आत्ता एखादा अलार्म वाजला तर तुला ऐकू येईल? मी नाही म्हणाले. आम्ही परत फिरलो. लँडिंगची चेकलिस्ट त्यांनी एकेक ओळ थांबून वाचली, प्रत्येक उत्तराची वाट पाहत.

खाली इंजिनीयरनं विचारलं, "दाब ठीक होता, मग परत का आलात?" प्रश्न रास्त होता. कॅप्टननी टेक लॉग, म्हणजे विमानातल्या बिघाडांची नोंदवही, त्याच्यापुढे सरकवला. पहिली नोंद सीलची नव्हती. चढताना दोन वैमानिकांना एकमेकांचं बोलणं ऐकू येत नव्हतं, असं तिथं लिहिलं होतं; सील त्याखाली. माझ्या मते क्रम हाच बरोबर.