लॅबमध्ये नळी आली
एकदाची आमच्या हॉस्पिटलात न्यूमॅटिक ट्यूब सुरू झाली. नमुने कॅरियरमध्ये, म्हणजे नळीत मावणाऱ्या बंद डब्यात, घालायचे, लॅबचा नंबर दाबायचा, की ब्लोअरच्या हवेवर तो छतातल्या पायपांतून सेकंदाला काही मीटरच्या वेगाने सुटतो आणि आमच्या टोपलीत धप्पकन पडतो. आजवर हेच काम जिने चढउतार करून करणाऱ्या मामांनी कॅरियर उलटसुलट करून बघितला आणि विचारलं, "ह्यातसून जेवणाचो डबो धाडूक येतलो?" सिस्टरांची हसून पुरेवाट!

मला काळजी रक्ताची. वळणांवर फार धक्के बसले तर तांबड्या पेशी फुटतात, त्यांच्यातलं पोटॅशियम बाहेर येतं आणि रिपोर्टमध्ये आकडा उगाच वाढलेला दिसतो. म्हणून रक्ताच्या ट्यूब हलू नयेत असा फोम कॅरियरच्या आत हवाच. शिवाय एकाच पेशंटचा एक नमुना हाताने, एक नळीतून असे मागवून दोन्ही शेजारी लावले. सीरम, म्हणजे रक्त गोठल्यावर वर उरणारं पाणी, दोन्हींत पिवळंधमक! पेशी फुटल्या असत्या तर कोकम सरबत दिसलं असतं. एबीजीची, म्हणजे धमनीच्या रक्तातले वायू मोजायच्या तपासणीची, सिरिंज मात्र मी हातानेच मागवणार. तिच्यात हवेचा बुडबुडा राहिला तर नळीतल्या प्रवासात ऑक्सिजनचा आकडा फसवा होतो.

दुपारी लाइट गेली. पावसाळ्यात सिंधुदुर्गात हे व्हायचंच. जनरेटर लागेपर्यंत एक कॅरियर छतात अडकला, आणि मामा लगेच जिन्यात तयार!

आता जेवण नि कपडे न्यायला आपोआप चालणाऱ्या गाड्या आणायचं घाटतंय. त्यांना मोकळा कॉरिडॉर लागतो, लिफ्टही त्यांच्या यंत्रणेला जोडावी लागते. आमच्या कॉरिडॉरमध्ये नातेवाईक चटया अंथरून बसलेले असतात. त्यांची सोय आधी बघा, गाड्यांचं मग.