पेंटो वर आहे का?

भुसावळ, मंगळवार, रात्री उशिरा

दादाने माझ्या हातातला स्क्रू ड्रायव्हर घेतला. झालं एवढंच आहे. हिसकावला वगैरे नाही. "आण इकडे," म्हणाला, मी दिला. परवाची गोष्ट. आज खेळण्यातल्या रेल्वेचं इंजिन चालू झालंय, घरात सगळे खूश आहेत, वहिनीने मुद्दाम शेवभाजी केली, आणि मी कूलरच्या घरघरीत जागी राहून त्या स्क्रू ड्रायव्हरचा हिशेब मांडत बसले आहे. या वयात!

चिंटूने विचारलं नसतं तर विसरलेही असते कदाचित. पोरगं सरळ आहे, मनात आलं ते बोललं. "आत्याआजी, तुला नाही येत का?" मी तोंड उघडायच्या आत वहिनी म्हणाली, "इंजिनाचं आजोबांना कळतं रे." तिचंही काही चुकलं नाही. इगतपुरीपासून बडनेऱ्यापर्यंत इंजिनं चालवण्यात ज्याचा जन्म गेला, त्याच्या घरात इंजिन बंद पडलं तर ते त्याचंच. मी कॉलेजच्या फिजिक्स लॅबमध्ये मीटर ब्रिजच्या तारा पुसत होते. पण पुसताना त्या तारेतून काय जातं, का अडतं, हेही कळत गेलं ना. हे कुणाला सांगायचं?

दादाच्या धाकट्या मुलाने ही खेळण्यातली गाडी तिकडे जर्मनीत जुन्या बाजारात घेतली. खऱ्याच्या सत्त्याऐंशीव्या हिश्श्याएवढी. एक इलेक्ट्रिक इंजिन, तीन डबे, रुळांचे तुकडे आणि रेग्युलेटरचा डबा. त्याच्या प्लगच्या पिना आपल्या सॉकेटात ढिल्या बसतात, म्हणून दादाने आधी त्यात कागदाची घडी खुपसली आणि वहिनीची बोलणी खाल्ली. दादाने पट्टी लावून रुळांमधलं अंतर मोजलं. साडेसोळा मिलिमीटर. "हे आपलं ब्रॉडगेज नव्हेच," म्हणाला. बरोबरच होतं. तिकडचा रूळ १४३५ मिलिमीटरचा, आपला १६७६. या मापात आपली गाडी करायची तर एकोणीसच्या वर जायला हवं. मग त्याला पाचोरा-जामनेरची पी.जे. आठवली. ७६२ मिलिमीटरची ती आपली गाडी, मामाच्या गावाला जाताना... ती बंद पडली त्यावर आज लिहायला नको. भरकटेन.

तर रेग्युलेटरचा खटका फिरवला आणि काहीच झालं नाही. आवाज नाही, गुणगुण नाही, पुढचा दिवासुद्धा नाही. माझ्या डोक्यात लगेच दोन खाने पडले. मोटर गुणगुणली असती आणि चाक फिरलं नसतं, तर दातेरी चाकांत काहीतरी अडकलेलं किंवा जुनं ग्रीस वाळून दगड झालेलं. इथे गुणगुणही नाही, म्हणजे करंट मोटरपर्यंत पोचतच नाही. मग कुठून तुटलाय ते उगमापासून बघत यायचं. मी इंजिन उलटं केलं, पोटाचा स्क्रू शोधला, आणि तेवढ्यात ते "आण इकडे."

दादाचं पुढचं काम मात्र बघण्यासारखं होतं, हे मान्य करायला हवं. ड्रायव्हर लोकांकडे ट्रबल शूटिंग डायरेक्टरी नावाचं पुस्तक असायचं. इंजिन वाटेत फेल झालं की त्यातल्या क्रमाने एकेक गोष्ट तपासत जायची. डीजे म्हणजे मुख्य ब्रेकर. तो उघडला की समोर एलएसडीजेचा दिवा लागतो, मग कुठल्या रिलेने, म्हणजे आपोआप चालणाऱ्या खटक्याने, तो पाडला ते हुडकायचं, एखादा रिले पाचर मारून दाबून ठेवायचा आणि गाडी पुढच्या स्टेशनात तरी न्यायची. मागे डब्यांत झोपलेल्या माणसांना यातलं काहीच माहीत नसतं. दादा हे सांगतो तेव्हा त्याचा आवाज बदलतो. परवाही बदलला. बैठक मारून बसला आणि इंजिनाकडे बघत पहिला प्रश्न स्वतःलाच विचारला, "पेंटो वर आहे का?"

पेंटो म्हणजे इंजिनाच्या छतावरचा, वरच्या तारेतून करंट घेणारा सांगाडा. तो खाली होता. त्याने नखाने अलगद वर केला. पेंटो उचलायला हवा आहे का, ती भरणारा बेबी कॉम्प्रेसर चालू आहे का, असं चिंटूला हसवायला म्हणाला आणि त्याला गालाने "भुर्रर्र" आवाज काढायला लावला. चिंटू हसला खरा, पण लगेच बापाचं ऐकलेलं ज्ञान पाजळलं. "आजोबा, तो शोचा आहे. करंट रुळातून येतो."

दादाला हे काही केल्या पटेना. "रुळातून करंट येतो? अरे, रुळातून परत जातो. येतो वरून, २५,००० व्होल्ट." मग मी सांगितलं, या गाडीत एका रुळातून येतो आणि दुसऱ्यातून परत जातो. बारा व्होल्ट, डीसी. दोन रुळांच्या तारा अदलाबदल केल्या की गाडी उलटी धावते. दादा म्हणाला, "शक्यच नाही. धुरा लोखंडी, दोन्ही रूळ जोडले की शॉर्ट होणार. आपल्या गाडीचा धुरा दोन्ही रूळ जोडतो म्हणून तर मागचा सिग्नल लाल होतो." हे इतकं बरोबर होतं, की मला वर्गात एखाद्या पोराने नेमका प्रश्न विचारल्यासारखा आनंद झाला. मी चाक दाखवलं. एका बाजूच्या चाकात धुऱ्याभोवती प्लास्टिकचं बारीक बूच असतं, म्हणून शॉर्ट होत नाही. "अच्छा," म्हणाला तो. चष्मा कपाळावर सरकवून बघितलंसुद्धा. पण स्क्रू ड्रायव्हर काही परत आला नाही.

मग रूळ पॉलिश पेपरने घासले गेले. माझ्या पोटात गोळा आला, कारण त्याने बारीक ओरखडे पडतात आणि नंतर त्यांत मळ जास्तच धरतो. खोडरबर नाहीतर स्पिरिटचा बोळा पुरतो. बोलले नाही. मग छत काढताना एक स्क्रू उडाला. जुन्या स्पीकरचं लोहचुंबक फिरवत सगळं घर फरशीवर रांगलं, आणि तो सापडला कूलरच्या पायापाशी. शेवटी दादाने निकाल दिला. "फेल. शेडला पाठवावं लागेल." फोनवर धाकटा म्हणाला, जाऊ द्या ना, पुढच्या वेळी दुसरं आणतो. चिंटू तोवर इंजिन हाताने ढकलत तोंडाने हॉर्न वाजवत होता. त्याचं काही अडलं नव्हतं. अडलं होतं ते आम्हा दोघा म्हाताऱ्यांचं.

लॅबमध्ये पोरांचं सर्किट चालायचं नाही तेव्हा मी हात पाठीमागे बांधून उभी राहायचे. मुद्दाम. गॅल्व्हानोमीटरचा काटा हलत नाही, पोरगी रडकुंडीला आलेली, सर तिकडे जर्नलवर सह्या करतायत. मी विचारायचे, "सेलपासून निघालीस, आता कुठे आलीस? पुढे?" बोट फिरवत फिरवत पोरगी स्वतःच सैल तारेपाशी येऊन थांबायची. मग सर यायचे आणि "झालं ना? मग घ्या रीडिंग" म्हणायचे. सह्या त्यांच्या. ते ठीक आहे, त्याचा पगार त्यांनाच होता. पण आज उशीवर डोकं टेकल्यापासून हेच फिरतंय, की माझ्यासाठी कुणी कधी हात पाठीमागे बांधले का? आईने पोळी लाटताना नाही, ह्यांनी स्कूटर शिकवताना नाही... असो.

वाचून बघितलं तर फारच बिचारी वाटतेय मी. आज दुपारचं लिहिते.

दुपारी बाहेर ऊन मी म्हणत होतं, खिडक्यांना ओले पडदे, घर गाढ झोपलेलं. मी मल्टिमीटर काढला. स्कूटरच्या इंडिकेटरचा बारा व्होल्टचा जुना बल्ब घेतला, त्याला दोन तारा जोडल्या आणि रुळांवर टेकवल्या. लागला! रूळभर टेकवत गेले, सगळीकडे लागला. पार टोकाला जरा मंद. रूळ जोडणाऱ्या पट्ट्या तिथे ढिल्या असणार. म्हणजे रेग्युलेटर ठीक, रूळ ठीक. इंजिनाचं छत उतरवलं आणि थेट मोटरच्या दोन टोकांना तारा लावल्या. घुर्रर्र फिरली. म्हणजे मोटरही ठीक. राहिली चाकापासून मोटरपर्यंतची वाट. मीटर बीपवर ठेवला, मधली वाट जोडलेली असली की तो वाजतो. डावी चाकं ते मोटरचं एक टोक, बीप. उजवी चाकं ते दुसरं टोक, शांत. स्पिरिटने चाकं पुसली, फडकं काळं झालं, पण मीटर मुका. चाकाला घासणारी तांब्याची पट्टी तपासली, ती नीट टेकलेली.

मग विचारलं, आत्ता कुठे आलीस? पुढे? मोटरच्या दुसऱ्या टोकापासून निघालेली तार बोटाने धरत गेले, तर ती खाली जातच नव्हती. वर जात होती, छताकडे! मीटरचं टोक पेंटोला टेकवलं. बीप!

पेंटो शोचा नव्हताच. हौशी लोक रुळांवर खरोखर तार ताणतात, त्या तारेतून गाडीला करंट देतात. तसं केलं की एकाच रुळावर दोन इंजिनं वेगवेगळी चालवता येतात, एक रुळांच्या जोरावर, दुसरं तारेच्या. म्हणून अशा कित्येक जुन्या इंजिनांत एक निवड ठेवलेली असते, करंट वरून घ्यायचा की खालून. इथे छताखाली चपट्या खाचेचा एक बारीक स्क्रू होता, त्याच्याखाली छोटी पट्टी. आधीच्या मालकाच्या घरी तार असणार. त्याने तो वरच्या बाजूला फिरवला आणि गाडी तशीच विकली. मी अर्धा फेरा दिला, इंजिन रुळावर ठेवलं, खटका फिरवला.

गेलं. डब्यांशिवाय, छताशिवाय, नुसती मोटर आणि चाकं, वहिनीच्या सोफ्याखालून निघून टीव्हीच्या टेबलाला वळसा घालून आलं. मी एकटीच बघत होते.

आणि मग मी तो स्क्रू परत होता तसा वरच्या बाजूला फिरवून ठेवला.

हे का केलं, हाच खरा प्रश्न आहे. दुपारपासून मी स्वतःला सांगतेय, दादासाठी केलं. रिटायर झाल्यापासून तो सकाळी उठून गाड्यांचे आवाज ऐकतो आणि कुठली किती लेट आहे ते सांगतो. कुणी विचारलेलं नसतं. त्याच्यासाठी केलं. पण तेवढंच असतं तर आत्ता झोप लागली असती. मला बहुतेक हवं होतं की त्याने एकदा, एकदाच विचारावं, तुला काय वाटतं गं? ते काही त्याने विचारलं नाही. मग मीच विचारलं.

संध्याकाळी चहाला म्हटलं, "दादा, तू ते पेंटोचं काय म्हणत होतास?" त्याने बशी खाली ठेवली. मी मीटर त्याच्या हातात दिला, बीपवर लावून. हात पाठीमागे बांधले. "मोटरपासून निघालास, आता कुठे आलास? पुढे?" त्याचं जाड बोट त्या केसाएवढ्या तारेवरून सरकत छतापाशी आलं. बीप वाजला तसा तो ओरडलाच. "अगं, हा झेडपीटी आहे!" झेडपीटी म्हणजे त्याच्या इंजिनात कुठला पेंटो वर घ्यायचा ते निवडायचा स्विच. तेच नव्हे, पण घराणं तेच. त्याला माझ्यापेक्षा लवकर कळलं, हेही लिहून ठेवते. मला आधी चाकं पुसावी लागली होती.

त्यानंतर जो कल्ला झाला तो ऐकून शेजारच्या काकू आल्या. "काय व्हयनं वं माय?" दादाने त्यांना मांडी घालून बसवलं आणि डीजेपासून सगळं सांगितलं. पहिल्या दिवसापासून मी म्हणत होतो, पेंटो बघा, पेंटो बघा, पोरगं हसत होतं. शब्दन् शब्द खरा! आणि शेवटी माझ्याकडे मान करून म्हणाला, "हिने मीटर दिलं मला."

मीटर दिलं मला! हे लिहिताना हसू येतंय, मघाशी येत नव्हतं. बरं, मीटर माझंच होतं. आणि त्याने पेंटो पेंटो केलं नसतं तर मीटरचं टोक वर टेकवायचं मला सुचलं असतं का, हे मीही छातीठोकपणे सांगू शकत नाही. चिंटूने मात्र व्हिडिओ कॉलवर बापाला सांगितलं की आजोबांनी इंजिन केलं आणि आत्याआजीने बीप केलं. चालेल. बीप तर बीप.

आता नवीन वाद सुरू आहे. गाडी लांबच्या टोकाला गेली की हळू होते. मी म्हटलं, तिथे रेग्युलेटरपासून वेगळ्या दोन तारा नेऊन रुळाला डाग देऊया. दादाला हे समजवावं लागलं नाही. "म्हणजे मध्ये सबस्टेशन हवं," म्हणाला आणि खडूने फरशीवर जागा आखली. ती जागा मला चुकीची वाटते, कारण सर्वांत ढिला जोड खिडकीखाली आहे, मी बल्बने बघितलंय. त्याचं म्हणणं, सबस्टेशन बरोब्बर अर्ध्या वाटेवर पाहिजे. जेवताना हेच चालू होतं, शेवभाजी गार झाली. वहिनी म्हणते, शनिवारी पाहुणे येतायत, त्याच्या आत तुमचं जंक्शन उचला नाहीतर मी उचलते.